लाल दोरीच्या फायली

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही, उसाच्या तोडी लांबल्या, आणि साताऱ्याच्या अनंतराव वकिलांच्या कचेरीतल्या चारशे बारा फायली टेम्पोत भरून सांगलीला गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या तेव्हा प्रत्येक फाईल प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद होती आणि सगळ्या दोऱ्या एका पोत्यात कोंबलेल्या होत्या. पांढऱ्या, आणि त्यांत मिसळलेल्या लाल.

शरयूनं ते पोतं उघडून पाहिलं आणि पुन्हा तोंड बांधून कोपऱ्यात ठेवलं.

शरयू त्या कचेरीत अडतीस वर्षं होती. टाइपरायटरवर बसली तेव्हा चोवीस वर्षांची होती, आता बासष्ट. लग्न केलं नाही. अशिलांची नावं, त्यांची गावं, कुणाच्या बांधाचं भांडण कितव्या पिढीत सुरू झालं, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. अनंतराव कोर्टात निघताना नुसतं म्हणायचे, "शरयू, तो पाटणचा विहिरीवाला," की ती फाईल हातात द्यायची.

लाल दोरीही तिचीच. एकोणीसशे एकोणनव्वद साली कोरेगावकडच्या एका बाईनं पोटगीचा अर्ज करायचा ठरवलं होतं. कचेरीतून तारखेचं कार्ड तिच्या घरी गेलं. कार्ड उघडंच, ते सासऱ्याच्या हातात पडलं आणि त्यानं ते घराच्या पुढच्या सोप्यात बसून चार माणसांत मोठ्यानं वाचलं. ती बाई पुन्हा कचेरीत आली नाही. तिचं काय झालं, हे अनंतरावांनी विचारलं नाही आणि शरयूला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शरयू मोती चौकात गेली आणि लाल सुताचं एक बंडल घेऊन आली. ज्या अशिलाच्या घरी पत्र जाऊ नये, निरोप जाऊ नये, त्याच्या फायलीला लाल दोरी. पुढे फोन आले, मोबाईल आले, पण नियम तोच राहिला: लाल दोरीच्या माणसाला आपण होऊन हाक मारायची नाही. तो येईल तेव्हा बोलायचं. तेहतीस वर्षांत त्या नियमाला एकदाही बट्टा लागला नव्हता. आणि तो नियम कुठं लिहून ठेवावा असंही कुणाला वाटलं नव्हतं. दोरी दिसत होती, तेवढं पुरत होतं.

दोन हजार बावीसमध्ये अशा फायली सत्तावीस होत्या. त्यांतली एक रंगूबाईंची.

रंगूबाई उंब्रजच्या पलीकडच्या एका वाडीतली. नवरा फौजेत सुभेदार होता. निवृत्त झाल्यावर त्यानं नदीकाठी दोन एकर रान बायकोच्या नावावर घेतलं आणि दोन हजार नऊ साली तो वारला. एकच मुलगी, संयोगिता, ती कोरेगावात दिलेली. रंगूबाई राहायची पुतण्याच्या घरात. पुतण्याचं नाव उदयसिंह. रान तोच कसायचा. पोटी मुलगा नाही म्हणजे रान पुतण्याचंच, हे त्या घरात न बोलता ठरून गेलेलं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगूबाई पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला साताऱ्याच्या बँकेत आली, आणि तिथून रिक्षानं कचेरीत.

"बाई, जिवंत हाय म्हणून सांगून आले बँकेत," ती धापा टाकत बाकावर बसली. "आता तुमचं काम काढा."

"आधी चहा घ्या. एकट्याच आलात?"

"एकटी कशी येईन? उदयनं जीपगाडीनं आणून सोडलंय. त्याला म्हनलं, तू टायर बगून ये जा, मी बसती हितं. आन् आले पळून." ती तोंडाला पदर लावून हसली. "तरणेपणी कुणाला चोरून भेटले न्हाई बगा. म्हातारपणी पाळी आली, ती बी वकिलाला भेटायची."

अनंतराव बाहेर आले. काम आधीच बोलून झालेलं होतं: दोन एकराचं बक्षीसपत्र संयोगिताच्या नावे. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मृत्युपत्र का नको?

"मेल्यावरचं कागद फाडत्यात, सायेब. मला हयातीत करायचंय. शिक्का बसला, की मग मी हाय आन् त्यो हाय. कळू दे मग सगळ्या गावाला."

"आणि आधी कळलं तर?" शरयूनं विचारलं.

रंगूबाईनं बशी हातात नुसतीच फिरवली. "त्यांच्या हातची भाकरी खाती मी, बाई," ती म्हणाली. मग हळूच, "तुमी, वकीलसायेब आन् माझी संयोगिता. चौथ्याला ठावं न्हाई."

दिवस ठरला अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचा, गुरुवारचा. अकरा वाजता, कराडच्या नोंदणी कचेरीत. डोळे दाखवायला जाते असं घरी सांगून ती येणार होती. शरयूनं मसुदा टाइप केला, कॉम्प्युटरवर रंगूबाईच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि गुरुवारची तारीख समोर टाकली. फोल्डरच्या पहिल्या पानावर मोबाईल नंबर होता, तो उदयसिंहचा. सुभेदार गेल्यावर काकूला पेन्शनच्या कामासाठी पहिल्यांदा कचेरीत त्यानंच आणलं होतं आणि तेव्हा नंबर त्यानंच दिला होता. रंगूबाईकडं फोन नव्हता. त्या वाड्यावस्त्यांवर निम्म्या म्हाताऱ्या माणसांचे नंबर असेच दिरा-पुतण्याचे. शरयूनं तो कधी खोडला नाही. खोडायची गरज काय, दोरी होती की.

फायली सांगलीला गेल्या त्या भार्गवीमुळं. भार्गवी ही अनंतरावांची धाकटी मुलगी, सांगलीला दिलेली, घरातूनच पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करणारी. मुलगी गुणी. वडिलांची दगदग बघवत नव्हती म्हणून तिनं सुट्टीत बसून हे सगळं उभं केलं. प्रत्येक अशिलाला मोबाईलवर स्वतःचं पान, म्हणजे पोर्टल. त्यावर त्याचे कागद, त्याच्या तारखा. तारीख विचारायला कुणी कामधंदा सोडून साताऱ्याला यायला नको.

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन कचेरीत आली. बाकावर चार-पाच अशील बसलेले होते.

"बाबा, ऑफिस असं एका माणसाच्या डोक्यावर चालायला नको," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "उद्या शरयूमावशी आजारी पडल्या तर?"

"शरयू आजारी पडत नाही," अनंतराव हसले. "ती आमच्याकडची जुनी मशिनरी. आवाज करते, पण बंद पडत नाही."

बाकावरचे हसले. शरयूही हसली. पण अडतीस वर्षांत तिला कुणी मशिनरी म्हटलं नव्हतं. ते तिच्या मनात जाऊन बसलं.

"या ना मावशी, बघा तरी." भार्गवीनं खुर्ची ओढली. पडद्यावर काळी चौकट होती, तिच्यात पांढरी अक्षरं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. "मी एक ओळ लिहिते. ती अशिलांची यादी वाचते, एकेकाचं पान बनवते, फोल्डरमधले कागद त्यावर चढवते आणि नंबरवर लिंक पाठवते. चारशे बारा माणसं, चार मिनिटं. पुढं रोज सकाळी सातला तीच ओळ आपोआप चालणार. नवीन कागद, नवी तारीख, सगळं ज्याचं त्याला."

"आणि हे आत्ता गेलं?"

"छे, ही नुसती रंगीत तालीम. काय करणार ते दाखवते, करत काही नाही."

तिनं ओळ लिहिली, बटण दाबलं. नावं वर सरकायला लागली. शरयूला गावं ओळखू येत होती, पाटण, वाई, कोरेगाव, उंब्रज, पण नजर टिकण्याआधी ती निघून जात होती. मग सगळं थांबलं आणि एक प्रश्न उमटला. बारा नंबर असे आहेत की प्रत्येकावर एकाहून जास्त नावं आहेत. एकत्र करायची का?

"एका घरातलीच असणार ना?" भार्गवी म्हणाली. "मग एका घराला एक पान. दोनदोन लिंका पाठवून गोंधळ कशाला." तिनं होकाराचं अक्षर दाबलं.

"घर एक असलं म्हणून..." शरयूनं सुरुवात केली.

तेवढ्यात भार्गवीचा फोन वाजला आणि ती "एक मिनिट हं मावशी" म्हणून गॅलरीत गेली. परत आली तेव्हा ते वाक्य तिच्या लक्षात नव्हतं. शरयूच्या होतं. कोपऱ्यातलं पोतंही तिला दिसत होतं. सत्तावीस नावं तिच्या जिभेवर होती. एका कागदावर लिहून द्यायला पाच मिनिटं लागली नसती.

तिनं एवढंच विचारलं, "खरंखुरं कधी सुरू करणार?"

"बाबा हो म्हणाले की."

म्हणजे अजून वेळ आहे, शरयूच्या मनात आलं. सुरू करण्याआधी विचारतील. मशिनरीला विचारल्याशिवाय चालायचं नाही यांचं. विचारू देत, मग सांगू. ती घरी गेली आणि रविवारभर तिनं वाट पाहिली, फोन येईल म्हणून. फोन आला नाही. रविवारी अनंतरावांनी जेवताना मुलीला हो म्हणून टाकलं होतं.

सोमवारी शरयू साडेदहाला कचेरीत पोचली. भार्गवी आधीच बसलेली होती, चेहरा फुललेला.

"मावशी, झालं सुरू! सातला लिंका गेल्या. आणि हे बघा, कुणी कधी पान उघडलं त्याची नोंद येते. मला वाटलं होतं म्हातारी माणसं ढुंकून बघणार नाहीत. पण या तुमच्या उंब्रजकडच्या रंगूबाई! सकाळपासून अकरा वेळा उघडलंय त्यांनी. बक्षीसपत्राचा मसुदा चार वेळा. उतरवूनसुद्धा घेतला. शिकतात की नाही?"

शरयूनं पडदा आपल्याकडं वळवून घेतला.

पडद्यावर ओळी होत्या. नाव रंगूबाईंचं. सात वाजून नऊ मिनिटं. सात तेरा. सात चौदा. सात वीस. मग आठपर्यंत काही नाही. मग पुन्हा एकामागून एक.

"भार्गवी," ती म्हणाली, "रंगूबाईंना अक्षरओळख नाही. आणि फोन नाही."

भार्गवीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिच्या तोंडावरचा रंग उतरला. तिनं घाईघाईनं एक ओळ लिहिली आणि पान पुसून टाकलं. निमिषात झालं ते. "काढलं, मावशी. काढलं मी. आता काही दिसत नाही."

"ज्यानं बघायचं त्यानं बघितलं," शरयू म्हणाली. बाकीची सव्वीस नावं तिनं तिथंच कागदावर लिहून दिली. एकही नाव चुकलं नाही. मग तिनं पिशवी उचलली.

एसटीनं उंब्रज आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं वाडी. वाटेत तिनं संयोगिताला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, मी उद्या पहाटे निघते. आज घरी कुणीच न्हाई, पोरं टाकून कशी येऊ?" आणि फोनवरच रडायला लागली.

उदयसिंह दारातच उभा होता. जणू वाट बघत असल्यासारखा. चाळिशीचा, धिप्पाड, पांढरा शर्ट.

"या बाई, या. अशा उन्हातनं? फोन करायचा, जीप पाठवली असती. आगं, च्या टाक!"

"रंगूबाई आहेत का?"

"काकू व्हय? काकू गेल्या माण तालुक्यात, दहिवडीला. नणंदेकडं. लय दिस चाललं हुतं त्यांचं, जायाचं जायाचं."

"आज गेल्या?"

"आजच. सकाळी."

दाराशी एका बाजूला चपला होत्या. टाचेला शिवण घातलेल्या. शरयूनं त्या कचेरीच्या उंबऱ्याशी कितीदा पाहिल्या होत्या.

"चपला इथं आहेत त्यांच्या."

उदयसिंहनं चपलांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "नव्या घेतल्या काकूला," तो म्हणाला. "माणचं रान खडकाळ. पाय भाजत्यात."

त्याची बायको चहा ठेवून गेली. मान वर केली नाही. घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही, पोरांचा आवाज नाही. शरयूला कप तोंडाला लावायचा धीर होईना.

"तुमचं त्ये पोर्टल लय भारी हाय बगा," उदयसिंह समोर बसत म्हणाला. मोबाईल त्यानं मांडीवर उलटा ठेवला होता. "पूर्वी तारीख इचारायला हेलपाटा. आता सकाळी उठलं, च्या घेतला, समदं हातात. माझी जीपच्या अपघाताची केस, ती बी तिथंच आन् काकूचं बी तिथंच. एका पानावं. मी म्हनलं, व्वा. वकिलास्नी तरी कळलं, आमचं घर एक हाय म्हणून."

"उदयसिंह, ते चुकून..."

"चुकून कसलं, बाई? बरं झालं. घरातलं घरात कळलेलं बरं." त्याचा आवाज चढला नाही. "गुरुवारी अकरा वाजता, कराड. ते बी आलंय त्यात. काकूला मी आणतो की. डोळं दाखवायला एकटी कशाला पाठवायची? च्या घ्या. गार झाला."

ती उठली तसा तोही उठला. वडाप मिळेपर्यंत तो तिच्या शेजारी उभा राहिला, हात पाठीमागं बांधून, उसाच्या वजनाच्या गप्पा मारत.

मंगळवारी संयोगिता दहिवडीला आत्याकडं गेली. रंगूबाई तिथं आलेलीच नव्हती. बुधवारी ती वाडीला गेली तर घराला कुलूप आणि जीप जाग्यावर नाही. शेजारी जोतिबा म्हणून म्हातारा होता, तो बांधावरूनच म्हणाला, "आमाला काय ठावं न्हाई, पोरी," आणि आत निघून गेला. पोलिसांत जाऊ या, असं शरयू म्हणाली. संयोगिता म्हणाली, "नको ताई. चिडवला तर आईला भोगाया लागंल. उद्या अकराला आणतो म्हणलाय न्हवं, उद्या बगू."

गुरुवारी तो बोलल्याप्रमाणं आला. अकराला पाच कमी असताना जीप नोंदणी कचेरीसमोर थांबली. रंगूबाई खाली उतरली. अंगावर कोरं लुगडं, पायांत कोऱ्या चपला. बरोबर दुसरा एक वकील आणि त्याच्या हातात दुसरं बक्षीसपत्र. रान तेच, देणारी तीच, घेणारा उदयसिंह.

"आई!" संयोगिता धावली. रंगूबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही.

अनंतराव पुढं झाले, "रंगूबाई, तुम्ही थांबा. तुमच्यावर जबरदस्ती आहे का, तेवढं सांगा." ती खाली बघत राहिली. आत नोंदणीच्या साहेबांनी नियमाप्रमाणं विचारलं, "आजी, स्वखुशीनं देताय ना?"

"व्हय."

"कुणाचा दबाव?"

"न्हाई."

अंगठा लागला. फोटो निघाला.

बाहेर व्हरांड्यात उदयसिंह वकिलाशी बोलत थांबला होता, तेवढ्यात शरयूनं तिला गाठलं. जवळून दिसलं, चार दिवसांत तिचे गाल आत गेले होते.

"मारलं का त्यांनी तुम्हाला?"

"कशाला मारत्यात? बोटबी लावलं न्हाई." रंगूबाईचा आवाज खरखरीत होता, न वापरल्यासारखा. "आत ठिवलं. भाकरी दारात सरकवायचे. चार दिस कुणी शबुद बोललं न्हाई माझ्यासंगं. पोरं सुदीक न्हाई. चौथ्या दिशी म्याच म्हनलं, आणा त्यो कागद. पर बोला कुणीतरी."

"मी आले होते सोमवारी."

"ऐकला की तुमचा आवाज. आतच हुते, दाराच्या मागं."

"मग हाक का मारली नाही, रंगूबाई?"

रंगूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं.

"तिघास्नीच ठावं हुतं, बाई. लेक माझी सांगायची न्हाई. वकीलसायेबास्नी तुमी सांगितल्याबिगर अशिलाचं नाव बी आठवत न्हाई. मला वाटलं, तुमीच सांगितलं. आन् आता त्याच्याकडं च्या प्यायला आलाय."

शरयूला पोर्टल, नंबर, ओळी, सगळं सांगायचं होतं. पण ते सांगून झालं असतं तरी त्यापुढं शनिवार होता, आणि अर्धं राहिलेलं वाक्य. उदयसिंहनं जीपचं दार उघडून धरलं.

रंगूबाई त्यानंतर वाडीत फार राहिली नाही. संक्रांतीच्या आतच तिला खरोखरच माणात नणंदेकडं पोचवण्यात आलं आणि दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात ती तिथंच वारली. संयोगिताला निरोप मिळाला, पण मातीला पोचायला उशीर झाला. संयोगितानं ते बक्षीसपत्र रद्द व्हावं म्हणून दावा लावला. तो कराडच्या कोर्टात अजून चालू आहे. उदयसिंह ते रान कसतो. तारखेला येतो तेव्हा सगळ्यांना हात जोडून नमस्कार करतो.

भार्गवीनं पोर्टल बंद केलं नाही. पण आता ते चालवण्याआधी ती प्रत्येक अशिलाला समोर बसवून विचारते, फोन कुणाच्या हातात असतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पान बनत नाही. चारशेंपैकी दीडशे लोकांना अजून पान नाही. तिची कंपनी पुण्याला बोलावते आहे, पण ती गेलेली नाही. अनंतरावांनी वर्षभरात वकिली आवरली आणि कचेरी हाताखालच्या वकिलाच्या हवाली केली. आता ते सांगलीला मुलीकडं असतात आणि साताऱ्याचा विषय निघाला की उठून फिरायला जातात.

शरयूनं त्याच डिसेंबरात नोकरी सोडली. संयोगिताच्या दाव्यात ती साक्षीदार आहे. गेल्या वर्षी तिची साक्ष झाली. तिनं सगळं तारीखवार सांगितलं, कोऱ्या लुगड्याचा रंगसुद्धा. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं, चूक यंत्राची म्हणता, मग यंत्र सुरू व्हायच्या आधी ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली होती का?

"माझ्या," शरयू म्हणाली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

न्यायाधीशांनी वर पाहिलं. टाइपिस्टची बोटं थांबली होती. शरयूनं खोटं सांगितलं असतं तर ते उघड करणारं कुणी तिथं नव्हतं.

"मला कुणी विचारलं नाही, म्हणून," ती म्हणाली, आणि ते तसंच लिहून घेण्यात आलं.